मशीन वाढवू का?

सांगलीच्या कॉलेजात पदार्थविज्ञान विभागाच्या टोकाच्या खोलीत मी संशोधन करत होते, तेव्हा तिथे तीनच हुकूम चालत: वर, खाली आणि वाढवा. पहिले दोन कुणालाही कळतील. तिसऱ्यापायी जे घडलं ते मी दोन वर्षं पोटात ठेवलं, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना सांगायला गेले तोवर उशीर झाला होता.

उशीर हाच खरं तर माझ्या अभ्यासाचा विषय. काही द्रवांच्या रेणूंना दोन टोकं असतात, एकाकडे थोडा धन भार, दुसऱ्याकडे थोडा ऋण. विजेची लाट आली की रेणू तिच्या रोखानं वळू बघतो. लाट संथ असेल तर त्याला सवड मिळते. मायक्रोवेव्हची लाट मात्र सेकंदात अब्जावधी वेळा उलटते. रेणू वळायला लागतो न लागतो तोच ती फिरलेली असते. तो किती मागे राहतो आणि त्या ओढाताणीत लाटेची किती शक्ती द्रवात जिरते, हे मोजायचं. मी अल्कोहोलची एक मालिका घेतली होती, आखूड रेणूपासून लांब रेणूपर्यंत सहा द्रव. रेणू जितका लांब तितका त्याला वळायला उशीर, अशी आमची अटकळ होती.

हे मी एकदा आमच्या मामांना समजावून सांगितलं. मामा म्हणजे प्रयोगशाळेचे शिपाई, पन्नाशी ओलांडलेले, माण तालुक्यातले, म्हसवडच्या जवळचे. पलटणीत पंधरा वर्षं काढून आलेला माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे नव्या रंगरुटावानी. 'दाहिने मुड' म्हटलं की त्यो निम्मा वळतुया, तवर 'बायें मुड' हुतंय. मग उस्तादाच्या शिव्या खातुया." मी पुढे बरीच वर्षं शिकवलं, पण याहून चांगलं उदाहरण मला सापडलं नाही.

आमचं उपकरण म्हणजे एक लांब टेबल आणि त्यावर जोडत नेलेली चौकोनी पितळी नळी. एका टोकाला वीजपुरवठ्याची पेटी आणि तिच्याजवळ क्लायस्ट्रॉन. हा क्लायस्ट्रॉन मुठीत मावेल एवढा, पण लाट निर्माण करायची ती त्यानंच. परदेशातून आलेला, विभागात तेवढा एकच. दुसरा मागवायचा तर परवान्यांसाठी दिल्लीपर्यंत कागद जायचे आणि वर्ष-दीड वर्ष वाट बघायची. तो तापू नये म्हणून शेजारी एक छोटा पंखा सतत फिरत असायचा. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नळी उभी वळवलेली, तिच्यात द्रव भरायचा. द्रवात एक दट्ट्या स्क्रूनं अगदी हळू वर घ्यायचा आणि भिंतीवरच्या पट्टीवर पडलेला, लाटेचा जोर दाखवणारा प्रकाशाचा ठिपका पाहत राहायचा. दट्ट्या सरकेल तसा ठिपका चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. तो जिथे सगळ्यात खाली जाईल ते स्थान लिहायचं. अशी सात-आठ स्थानं मिळाली की त्या द्रवाचं गणित मांडता येतं.

काम दोन माणसांचं होतं. सकाळी नऊनंतर आसपासच्या उसाच्या पंपांनी वीज ओढायला सुरुवात केली की आमच्या मीटरचा काटा नाचू लागे. म्हणून आम्ही सहालाच यायचो. मी दट्ट्यापाशी, मामा पेटीपाशी, बटणावर हात ठेवून. काटा उतरला की मी म्हणायची "वर", चढला की "खाली". आणि काम संपलं की मामा विचारायचे, "ताई, मशीन वाढवू का?" मी म्हणायची, "वाढवा." मग ते बटण अलगद शून्यावर आणून पेटी बंद करायचे, तांबडा दिवा गेला की त्याला हात जोडायचे.

मामांचं बालपण देवळाच्या सावलीत गेलेलं. बंद कर, विझव हे शब्द त्यांच्या तोंडी येतच नसत. दिवा विझवायचा नसतो, वाढवायचा असतो. दुकान वाढवायचं, नारळ वाढवायचा. हे टेबल पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा त्यांनी पेटीपुढे नारळ वाढवला होता आणि पाण्याचे चार थेंब नळीवर उडाले म्हणून मी आकांडतांडव केलं होतं. पाणी हा आमचा शत्रू, एक थेंब द्रवात गेला तर आठवड्याचं काम वाया. माझ्या नाकावर राग तेव्हाही होता, आजही आहे. मामांनी मुकाट्यानं फडकं घेऊन नळी पुसली आणि खोबरं मात्र मलाच आधी दिलं.

एका बाबतीत ते माझं ऐकत नसत. काम सुरू करण्याआधी मी बांगड्या काढून खिडकीत ठेवायची. स्क्रू फिरवताना त्या खालच्या पट्टीवर आपटायच्या आणि तेवढ्यानं ठिपका थरथरायचा. मामांना ते बघवायचं नाही. "हात रितं नगा ठिवू ताई," एवढंच म्हणायचे आणि खिडकीकडे पाठ करायचे.

मला मार्गदर्शन करणारे सर कानडी मुलखातले. मराठी मोठेपणी शिकलेले, तीही पुस्तकांवरून. त्यामुळे ती शुद्ध आणि जरा कडक, इस्त्री केल्यासारखी. विद्यार्थ्यालाही 'तुम्ही' म्हणायचे. ते मुळात कागदावरचे गणिती, पण हातांनी काम करायची त्यांना मनापासून हौस होती. घरी रेडिओ दुरुस्त करायचे. गल्लीतले लोक आपले बंद पडलेले रेडिओ त्यांच्या ओट्यावर आणून ठेवत, आणि रविवारी सर बनियनवर बसून तुटलेल्या तारांना डाग देत असत. काकू म्हणायच्या, "यांना पोथी दिली तरी हे तिचा स्क्रू शोधतील." त्या वर्षी जूनमध्ये सर निवृत्त होणार होते. त्यांच्यानंतर ती खोली वर्गासाठी घ्यायचं प्राचार्यांनी बोलून दाखवलं होतं. सहा द्रव त्यांच्या डोळ्यांदेखत पूर्ण व्हावेत, सहा बिंदू एका रेषेत येतात का ते त्यांनी बघावं, एवढीच त्यांची आणि माझी इच्छा होती. त्यांनी स्वतः त्या आलेखाचा कागद आखून भिंतीला लावला होता. मार्चपर्यंत त्यावर पाच बिंदू आले होते, एकामागोमाग एक, जवळजवळ सरळ. सहावा द्रव ऑक्टाइल अल्कोहोल, संत्र्याच्या सालीसारख्या उग्र वासाचा, बाटलीतून नळीत ओतायचा तेवढा राहिला होता.

त्या आठवड्यात मामांना गावी जावं लागलं. माणात चारा संपला होता आणि भावाची मेंढरं खाली कृष्णाकाठी आणायची होती. जाताना म्हणाले, "चार रोजात येतो. तवर थांबा की." मी थांबणाऱ्यातली नव्हते. सरांना विचारलं, बटणावर हात ठेवायला याल का. सरांचा चेहरा असा काही उजळला की मला आपण फार चांगलं काम केल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी पावणेसहाला ते धुतलेलं धोतर नेसून दारात हजर.

मी त्यांना वर आणि खाली सांगितलं. तिसरा शब्द सांगितला नाही. तो सांगायचा असतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

सकाळ चांगली गेली. पहिलं स्थान मिळालं, दुसरं मिळालं. सर मन लावून काट्याकडे बघत होते. मी "वर" म्हटलं की "वर घेतलं" असं पुन्हा म्हणायचे. तिसऱ्या स्थानाकडे जात असताना ठिपका विनाकारण घसरू लागला. मला वाटलं वीज उतरली. मग नाकात वास आला, तापलेल्या व्हार्निशचा. मी मान वळवली तर क्लायस्ट्रॉनजवळचा पंखा थांबलेला. माझा हात दट्ट्यावर, तो सोडला तर स्थान जाईल. मी तिथूनच ओरडले, "सर, वाढवा. वाढवा लवकर."

सरांनी वाढवलं. बटण उजवीकडे, जिथवर जाईल तिथवर. ठिपका एकदम पट्टीच्या टोकाला गेला, तिथे क्षणभर थरथरला आणि शून्यावर येऊन बसला. त्यानंतर तो हलला नाही.

आम्ही पंखा बघितला, वायर बघितली, नळी थंड होऊ दिली, पुन्हा सुरू केलं. तांबडा दिवा लागायचा, पण ठिपका जागचा हलत नव्हता. क्लायस्ट्रॉन गेला होता. सर पेटीसमोरच्या स्टुलावर बसले आणि उजवा हात डाव्या हातात धरून बघत राहिले. "मी उलटं फिरवलं," ते म्हणाले. "यंत्र तापलेलं असताना मी वाढवलं."

मला राग आला होता. खरं सांगते, त्यांची कीव आली नाही, भयंकर राग आला. तीस-पस्तीस वर्षं फिजिक्स शिकवलेल्या माणसाला तापलेल्या क्लायस्ट्रॉनवर विजेचा दाब वाढवायचा नसतो हे कळू नये? मी काही बोलले नाही, पण तोंड फुगवून बाटलीचं बूच घट्ट बसवत राहिले, आणि न बोलणं किती बोलतं हे मला ठाऊक होतं. सरांनी वही मागून घेतली. ऑक्टाइलच्या पानावर दोनच आकडे होते. त्यांच्याखाली त्यांनी लिहिलं, 'वाचने अपुरी. चूक माझ्या हातची.' आणि सही केली. मग ते स्टाफरूममध्ये गेले आणि सगळ्यांसमोर तेच सांगितलं. कुणीतरी हसून म्हणालं, गणितवाल्यांनी यंत्राला हात लावू नये. सरही हसले म्हणे.

तीन दिवसांनी मामा आले. त्यांनी खोलीत पाऊल टाकलं, थंड पेटी पाहिली, आणि नेहमीच्याच आवाजात विचारलं, "मशीन कुनी वाढवलं?"

त्यांना एवढंच विचारायचं होतं की आपल्या माघारी यंत्र कुणी बंद केलं.  माझ्याच तोंडचा शब्द मला तेव्हा पहिल्यांदा ऐकू आला. सरांनी काहीही उलटं केलं नव्हतं. मी जे सांगितलं तेच त्यांनी केलं होतं. पुस्तकातल्या मराठीत वाढवणं म्हणजे वाढवणंच.

आणि हा शब्द मला नवा नव्हता. मी सात-आठ वर्षांची असताना साताऱ्याकडच्या आमच्या गावी वडिलांची तार आली होती. ते फौजेत होते, छावणीतच आजारानं गेले. दुपारी आळीतल्या बायका जमल्या आणि त्यांतली एक थोरली म्हणाली, "चला, हिच्या बांगड्या वाढवायच्या हायेत." मी दारात उभी होते. मला वाटलं, आईला आता आणखी बांगड्या मिळणार. इतकं रडून झाल्यावर कुणीतरी तिचे हात भरून देणार. मी आत धावत जाऊन म्हटलं, "आई, मला पण." सगळ्या बायका माझ्याकडे बघत राहिल्या. मग आतून काच फुटल्याचे आवाज आले. त्या दिवशी मला कुणी रागावलं नाही, आणि त्याच गोष्टीचं मला पुढे कित्येक वर्षं वाईट वाटत राहिलं.

एवढं सगळं भोगलेली मी, आणि तोच शब्द बेधडक दुसऱ्याच्या हातात दिला.

मामांना मी सगळं सांगितलं. ते बराच वेळ पेटीवरून फडकं फिरवत राहिले. "मंग सरास्नी सांगा की," ते म्हणाले. "त्यांचा काय गुना न्हाई. सबुद माझा, तोंड तुमचं. त्यांच्या हातावर कशाला?" मी म्हटलं, सांगते. उद्या सांगते. आणि सांगितलं नाही. का, त्याला चांगलंसं कारण नाही. आधी वाटलं, आता सांगून क्लायस्ट्रॉन परत येणार आहे का. मग वाटलं, स्टाफरूमला कळलं तर हसतील, बाईमाणूस म्हणून जास्तच हसतील. मग निरोपसमारंभ आला आणि सरांनी भाषणात स्वतःच तो किस्सा सांगितला, हात वर करून दाखवला, लोक हसले, मीही टाळ्या वाजवल्या. तोंडाला लावलेलं कुलूप दिवसागणिक गंजत जातं, किल्ली हातात असली तरी फिरत नाही. मामांनी पुन्हा तो विषय काढला नाही. मात्र त्या दिवसानंतर ते "बंद करू का?" असं विचारू लागले. इतर कामांसाठी, विजेच्या दिव्यासाठी, पंख्यासाठी, सगळ्यासाठी 'बंद'. ऐकताना दर वेळी मला टोचायचं.

प्रबंध पाच द्रवांवर पुरा केला. सहाव्या बिंदूची जागा मोकळी ठेवली. पाच बिंदूंवरून रेषा पुढे ओढून सहावा टाकायचा मोह कुणाला झाला नसता? पण सरांनी निरोप पाठवला होता, जे मोजलं नाही ते काढू नका.

दोन वर्षांनी बांधून आलेली प्रत घेऊन मी त्यांच्याकडे गेले. निवृत्तीनंतर ते सीमेपलीकडच्या आपल्या गावी राहायला गेले होते. मिरजेहून एसटीनं दोन-अडीच तास. दुपार कलत आली होती. काकूंनी दार उघडलं. सर आरामखुर्चीत होते, खूप वाळलेले. उजवा हात मांडीवर होता आणि सारखा हलत होता, न थांबता. त्यांनी प्रत घेतली, आलेखाचं पान काढलं, मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. बोट एका जागी राहत नव्हतं.

काकू पाणी घेऊन आल्या. मी सहज विचारलं, हल्ली रविवारी रेडिओ येतात का. त्या सरांकडे न बघता म्हणाल्या, "सांगलीतलं ते झालं, तेव्हापासून यांनी डाग द्यायची पेटी उघडलीच नाही. लोक यायचे, हे परत पाठवायचे. म्हणायचे, माझ्या हातांचा भरवसा नाही. तेव्हा हात चांगला होता. हे थरथरणं गेल्या वर्षीपासूनचं." कोनाड्यात त्यांचा स्वतःचा रेडिओ होता, झाकण घातलेला, मुका.

तेव्हा मी सांगितलं. मामांचा शब्द, आमचे तीन हुकूम, मी काय ओरडले आणि मला काय म्हणायचं होतं. मान खाली घालून, एका दमात. दोन मिनिटंही लागली नाहीत. दोन वर्षं जे जमलं नाही त्याला दोन मिनिटंही लागली नाहीत, हे मला तिथे बसल्या बसल्या कळलं, आणि मला माझी लाज वाटली.

 सर काकूंकडे वळून कानडीत काहीतरी म्हणाले. काकूंनी पदर तोंडाला लावला.

"आमच्या घरी," सर मला म्हणाले, "झोपायच्या आधी आई सांगायची, 'दीपा दोड्डदु माडु.' म्हणजे दिवा मोठा कर. आणि मी उठून तो विझवायचो. एकदाही चुकलो नाही." त्यांनी प्रत मिटली. "तुम्ही मला ते मराठीत सांगितलंत. मराठीत मला फक्त अर्थ येतो."

मी रडले. त्यांनी रडू दिलं. मग म्हणाले, "तो रेडिओ खाली घ्या."

मी तो खाली घेतला, मागचं झाकण उघडलं. डाग द्यायची पेटी काकूंनी माळ्यावरून काढून दिली. त्यांनी हात पुढे केला, स्क्रू-ड्रायव्हर धरला, पण टोक खाचेत बसेना. दोनदा, तीनदा. मग त्यांनी तो माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "तुम्ही करा. मी सांगतो." मी सवयीनं बांगड्या काढून खिडकीत ठेवल्या. ते सांगत गेले, मी करत गेले. आतल्या एका काचेच्या नळीत हवा शिरून ती पांढरी पडली होती. सरांनी वाकून बघितलं.

"ही वाढलीय," ते म्हणाले. माझ्या ऐकण्यात त्या अर्थानं तो शब्द त्यांच्या तोंडी पहिल्यांदाच आला.

दुसरी नळी सांगलीत मिळेल, मी पुढच्या महिन्यात घेऊन येते, असं मी म्हटलं. सरांनी मान हलवली. निघताना काकूंनी खिडकीतल्या बांगड्या उचलल्या आणि एकेक करून स्वतः माझ्या हातात चढवल्या.

पुढच्या महिन्यात मी नळी घेऊन गेले. ती मी एकटीनंच बसवली. सर गेल्याला तेव्हा बारा दिवस झाले होते.